लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनाबाहेर: चांदीची स्मारक नाणी पारखावी कशी, जपावी कशी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत दरवर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आई पितळी डब्यातली चांदी बाहेर काढी आणि दंतमंजन, चिंच व जुना ब्रश घेऊन मोरीत बसे. त्या चांदीत निरांजन, अत्तरदाणी आणि दोन राणीछाप रुपये यांच्याबरोबर आजोबांनी जपलेले गांधीजींचे दहा रुपयांचे नाणेही असे. वीस-बावीस दिवाळ्या ते असे चकचकीत होत राहिले. पुढे मी नाणी जमवू लागल्यावर ते भिंगाखाली धरले तेव्हा गालावर, कपाळावर आणि मागच्या मोकळ्या जागेत केसांएवढ्या बारीक हजारो रेषा दिसल्या. वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि चांदीही अस्सल होती, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने ते नाणे संपलेले होते, आणि ते आम्हीच, श्रद्धेने आणि स्वच्छतेच्या हौसेने संपवले होते.

चांदीच्या स्मारक नाण्यांची प्रतवारी शिकायची असेल तर इथूनच सुरुवात करावी. ही नाणी बाजारात फिरली नाहीत. भाजीवाल्याच्या गल्ल्यात किंवा कंडक्टरच्या पिशवीत ती झिजली नाहीत. त्यांची बहुतेक हानी घरात झाली आहे, आणि म्हणून त्यांची पारख करताना किती झिजले यापेक्षा पृष्ठभागाला कोणाचा हात लागला हे पाहावे लागते.

नाणे कोणते आणि पदक कोणते

ज्यावर सरकारने दर्शनी मूल्य छापले आहे आणि जे सरकारी टांकसाळीत पाडले आहे तेच नाणे. सराफाकडे मिळणारी लक्ष्मी-गणपतीची गोल चांदी, बँकांनी विकलेल्या चकत्या, १९११ च्या दिल्ली दरबाराची पदके ही सारी संग्रहयोग्य असू शकतात, पण ती नाणी नव्हेत आणि त्यांचे भाव वेगळ्या हिशेबाने ठरतात. रामदरबाराचे चित्र आणि ‘१८१८’ व ‘हाफ आना’ अशी अक्षरे असलेल्या ज्या चकत्या चोरबाजारात ईस्ट इंडिया कंपनीच्या म्हणून दाखवल्या जातात, त्या तर कंपनीने कधी पाडल्याच नव्हत्या. त्यांच्याभोवती चमत्काराच्या कथा विणलेल्या असतात आणि मागणारा लाखांत किंमत सांगतो. अशा वेळी हसून पुढे जावे.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ चे, पंडित नेहरूंचे. पण ते निकेलचे होते. चांदीची मालिका सुरू झाली ती १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांपासून. त्यानंतर १९७० आणि १९७१ मध्ये ‘सबके लिये अन्न’ या घोषणेचे दहा रुपये, १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपये, १९७३ मध्ये अन्नोत्पादनाच्या विषयावर दहा आणि वीस रुपये, १९७४ पासून पन्नास रुपये आणि १९८० पासून शंभर रुपये अशी ही रांग लागते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा, १९८५ मधील रिझर्व्ह बँकेचा सुवर्णमहोत्सव, १९८९ ची नेहरू जन्मशताब्दी हे शंभराच्या नाण्यांचे सहज आठवणारे विषय आहेत. मराठी घरात लोकमान्य टिळकांचे २००७ चे शंभर रुपयांचे नाणे आवर्जून ठेवलेले दिसते.

नवख्याने सगळेच जमवू पाहू नये. १९६९ ते १९७३ एवढा छोटा पट्टा घ्यावा. त्यात नाणी मोजकी आहेत, साधी प्रत परवडते, आणि त्याच पाच वर्षांत चांदीचा कस कसा उतरत गेला हेही हातात धरून कळते.

वजन आणि कस

येथे एक गंमत आहे. १९६९ चे गांधींचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे आणि ३४ मिलिमीटर व्यासाचे आहे. १९७२ चे रौप्यमहोत्सवी नाणे २२.५ ग्रॅमचे आणि ३९ मिलिमीटरचे. दोन्ही दहा रुपयांचीच. तळहातावर दोन्ही ठेवून विचारले की चांदी कशात अधिक, तर दहापैकी नऊ जण मोठ्याकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात १९६९ च्या नाण्यात ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, आणि १९७२ च्या नाण्यात ५० टक्के, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. १९७३ चे वीस रुपयांचे नाणे ३० ग्रॅमचे असून त्यात १५ ग्रॅम चांदी येते. शंभर रुपयांची नाणी साधारण ३५ ग्रॅम व ४४ मिलिमीटरची असून त्यांची धातू चौमिश्र आहे: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त. नव्या संसद भवनाचे २०२३ चे पंचाहत्तर रुपयांचे नाणेही याच मिश्रणाचे आहे. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे २०१० चे हजार रुपयांचे नाणे मात्र पुन्हा ८० टक्के चांदीचे आहे.

हे आकडे पाठ असावेत, कारण सराफाकडे मोड म्हणून जाणाऱ्या माणसाला याच आकड्यांत फसवले जाते. ‘चांदीचे नाणे’ म्हणून पूर्ण वजनाचा भाव मागणारा विक्रेता आणि ‘यात काय, तांबेच आहे’ म्हणून पाव भाव देणारा ग्राहक, दोघांनाही तुमच्या डोक्यातला हा हिशेब अडवतो. दिवसाचा चांदीचा भाव गुणिले आतली शुद्ध चांदी एवढी नाण्याची तळकिंमत. तिच्यावर जे काही मिळते ते प्रतीचे आणि दुर्मिळतेचे.

संशय आला तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. आधी नाणे कोरडे तोलावे. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला काचेचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते ग्लासाच्या तळाला आणि बाजूला न टेकता पूर्ण बुडेल असे हातात अधांतरी धरावे. काटा आता जो आकडा दाखवील तेवढ्या ग्रॅम वजनाचे पाणी नाण्याने बाजूला सारले आहे. १९६९ चे १५ ग्रॅमचे अस्सल नाणे असेल तर हा आकडा १.४८ च्या आसपास येतो, म्हणजे घनता सुमारे १०.१. तेच तांबे-निकेलचे बनावट नाणे असेल तर १.६८ किंवा १.६९ दिसते. शंभर रुपयांच्या नाण्याला ही संख्या ३.६७ च्या जवळ यायला हवी. दोऱ्याचा ताण, नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा यांमुळे पहिल्या वेळी आकडा हलतो, म्हणून तीनदा मोजून पाहावे. ही चाचणी मिंटमधून आल्यासारख्या कोऱ्या नाण्यावर मात्र करू नये. संशयास्पद आणि हाताळलेल्या नाण्यावरच करावी, डिस्टिल्ड वॉटर वापरावे, आणि नंतर मऊ सुती कापडावर ते टेकवून पाणी टिपावे. पुसू नये. हा शब्द मी या लेखात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कडेकडेही पाहावे. ठशाने पाडलेल्या नाण्याचे दाते एकसारखे आणि टोकदार असतात. ओतीव नकलेच्या काठावर साच्याच्या दोन भागांचा सांधा दिसतो, किंवा तो कानस मारून बुजवल्याच्या आडव्या खुणा तरी दिसतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत भिंगाखाली सूक्ष्म खड्डे आढळतात.

टांकसाळीची खूण

शहीद भगतसिंग मार्गावरील मुंबईच्या टांकसाळीची इमारत १८२४ ते १८२९ या काळात उभी राहिली, आणि आपल्या हातातली बरीच स्मारक नाणी तिथेच पाडली गेली आहेत. खूण सहसा वर्षाच्या खाली असते. मुंबईची खूण म्हणजे छोटा हिरा, ज्याला सगळे डायमंड म्हणतात. हैदराबादची खूण तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. तीच तिची ओळख. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे खास झिलईदार ठशांनी पाडलेल्या, नाण्यांवर डायमंडऐवजी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असे आणि शहराचे नाव बदलल्यानंतर, १९९६ पासून, ते ‘एम’ झाले. गांधींच्या नाण्यावर पाडल्याचे वर्ष नाही, १८६९-१९४८ एवढेच आहे. त्यामुळे ‘हे १९४८ चे नाणे आहे’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याचा अभ्यास किती आहे ते लगेच कळते.

प्रूफ ही प्रत नव्हे

प्रूफ आणि यूएनसी या शब्दांचा गोंधळ फार आहे. प्रूफ ही नाणे पाडण्याची पद्धत आहे. तिच्यात ठसा झिलईदार करतात, चकतीही निवडून घेतात, आणि एकाच नाण्यावर एकापेक्षा अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी आणि उठावाचा भाग धुकट पांढरा दिसतो. यूएनसी म्हणजे न फिरलेले, पण नेहमीच्या पद्धतीने पाडलेले नाणे. प्रूफ नाणे पेटीतून काढून कोणी अंगठा लावला तर ते प्रूफच राहते, फक्त बिघडलेले प्रूफ होते. आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन बसतो आणि मग तो काढण्याचा कोणताही उपाय नाण्याला अधिकच खराब करतो.

आणखी एक बारकावा जाणकारांकडून ऐकायला मिळतो तो रिस्ट्राइकचा. जुन्या वर्षांचे काही प्रूफ संच टांकसाळीने पुढच्या काळात पुन्हा पाडून विकले. नाणे सरकारीच आहे, नकली नाही. पण मूळ काळातले आणि नंतरचे यांच्या भावात मोठे अंतर असते. नुसत्या डोळ्यांना हा फरक सांगणे कठीण आहे, म्हणून मूळच्या महाग प्रूफ संचाला हात घालण्याआधी दोन-तीन वर्षे पाहण्यात घालवावीत.

दिव्याखाली नाणे

प्रतवारीसाठी जगभर वापरला जाणारा एक ते सत्तरचा मापदंड विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडला. सर्वांत उत्तम नाण्याची किंमत सर्वांत झिजलेल्याच्या सत्तरपट असावी, या त्या वेळच्या बाजारावरून सत्तर हा आकडा आला. तो बाजार केव्हाच मोडला, आकडा मात्र राहिला. या मापावर २० ते ३५ म्हणजे व्हीएफ (व्हेरी फाइन), ४० ते ४५ म्हणजे एक्सएफ (एक्स्ट्रा फाइन), ५० ते ५८ म्हणजे एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न फिरलेले), आणि ६० पासून पुढे न फिरलेली नाणी. मुंबईच्या बाजारात बोलताना लोक आकडे क्वचितच वापरतात. ‘एक्सएफ आहे’, ‘यूएनसी आहे’, ‘लस्टर पूर्ण आहे’ एवढेच म्हणतात, आणि प्रत्येक विक्रेत्याचे यूएनसी वेगळे असते. म्हणून स्वतःचा डोळा तयार करण्याला पर्याय नाही.

त्यासाठी खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी. ट्यूबचा पसरट प्रकाश सारे दोष लपवतो. दुकानांत तोच लावलेला असतो, हा निव्वळ योगायोग मानावा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. टेबलावर एकच दिवा, वितभर अंतरावर, आणि खाली घडी केलेला मऊ रुमाल ठेवावा, म्हणजे नाणे निसटले तरी लादीवर पडणार नाही. नाणे दोन बोटांत काठावर धरावे. चेहऱ्यावर किंवा मोकळ्या जागेवर बोट लागता कामा नये. आता ते दिव्याखाली हळूहळू तिरपे करत गोल फिरवावे.

न फिरलेल्या आणि न घासलेल्या नाण्यावर प्रकाशाची एक पाती मध्यापासून काठापर्यंत उभी राहते आणि नाणे फिरवले की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. हे लस्टर. ते चमकेसारखे दिसले तरी मुळात ती धातूच्या प्रवाहाची खूण आहे. दाब पडताना धातू ठशाच्या आत मध्याकडून काठाकडे सरकते आणि तिच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. प्रकाश त्यांच्यावरून परततो म्हणून चाक फिरते. या रेषा एकदा दंतमंजनाने घासल्या गेल्या की टांकसाळीतही त्या परत आणता येत नाहीत. घासलेले नाणे चकाकते, पण त्याचा प्रकाश फिरत नाही. सगळीकडे सारखा पडून राहतो, स्टीलच्या वाटीवर पडावा तसा. आईने घासलेले ते नाणे आणि पुढे मी एका संग्राहकाकडून घेतलेले दुसरे, अशी दोन्ही मी शेजारी ठेवून दिव्याखाली फिरवली तेव्हा अर्ध्या मिनिटात जे समजले ते वाचून समजायला मला दोन वर्षे लागली असती.

मग उंच भाग पाहावेत, कारण झीज तिथून सुरू होते. गांधींच्या नाण्यावर गालाचा उंचवटा, भुवई आणि कान, मागच्या बाजूस सिंहांची छाती आणि आयाळ. १९७२ च्या नाण्यावर ध्वज धरलेल्या जोडीचे चेहरे आणि ध्वजाच्या चुण्या. या जागांचा रंग आजूबाजूपेक्षा करडा, निस्तेज असेल आणि तिथे प्रकाशाची पाती तुटत असेल तर ते नाणे थोडे तरी हाताळलेले आहे, म्हणजे एयू. पाती तुटत नसेल पण बारीक टोचे, ओरखडे असतील तर ते थैलीतले घाव आहेत. नाणी पाडल्यावर थैलीत एकमेकांवर आपटतात. ३५ ग्रॅमच्या नाण्याचा काठ दुसऱ्याच्या गालावर बसला की नखाएवढी खाच पडते. अशी नाणी यूएनसीच, फक्त खालच्या पायरीची. चेहऱ्यावरची एक खाच ही मागच्या कोपऱ्यातल्या पाच खाचांपेक्षा अधिक जाचते, आणि हे बरोबरच आहे, कारण माणूस आधी चेहरा पाहतो.

मऊपणा आणि झीज यांत गल्लत करू नये. काही वेळा ठशाचा दाबच कमी पडलेला असतो आणि उंच भाग जन्मतःच अस्पष्ट असतो. तपशील अस्पष्ट पण लस्टर अखंड असेल तर तो दाबाचा दोष. तपशील अस्पष्ट आणि लस्टरही नाही तर झीज.

भिंगाबद्दल एवढेच की पाच ते दहा पटींचे पुरे. पंचवीस पटींच्या भिंगाखाली कोणतेही नाणे चंद्राच्या पृष्ठभागासारखे दिसते आणि माणूस खरेदीच सोडून देतो. आधी नुसत्या डोळ्यांनी प्रत ठरवावी, मग भिंगाने फक्त शंका तपासावी.

काळे पडलेले नाणे

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थर अगदी पातळ असताना सोनेरी, मग जांभळट, निळा आणि शेवटी काळा दिसतो. याला टोनिंग म्हणतात. काठाकडून आत सरकत आलेले, खालचे लस्टर ज्यातून दिसते असे टोनिंग नाण्याचे मोल घटवत नाही, कधी वाढवते. सगळा पृष्ठभाग मठ्ठ काळा असेल तर ते आवडीनिवडीवर आहे. मला स्वतःला ते आवडत नाही, पण घासलेल्या चमचमाटापेक्षा मी ते दहा वेळा पत्करीन. ५० टक्क्यांच्या नाण्यांत तांबे भरपूर असल्याने ती तपकिरी होतात आणि त्यांच्यावर हिरवट ठिपकेही येतात.

सराफाकडे ज्या द्रावात बुडवून चांदी क्षणात पांढरी करतात त्याला डिप म्हणतात. तो सल्फाइडबरोबर पृष्ठभागाचा सूक्ष्म थरही विरघळवून नेतो. एकदा बुडवलेले नाणे कदाचित निभावते, दोनतीनदा बुडवलेल्याचे लस्टर मरते. मी सुरुवातीला एका दुकानातून १९७२ चे एक ‘कडक यूएनसी’ नाणे चांगला चढा भाव देऊन घेतले होते. अक्षरांच्या पोटात राहिलेला द्राव सहा महिन्यांत पिवळट डागांच्या रूपाने वर आला. दुकानदाराने ते परत घेतले नाही. तेव्हापासून पन्नास वर्षांचे नाणे कालच पाडल्यासारखे पांढरेशुभ्र दिसले की मी आधी अक्षरांच्या खाचा पाहतो.

मुंबईची हवा

नाण्यांच्या संग्रहाला मुंबईइतके वाईट शहर शोधून सापडायचे नाही. समुद्राची खारी हवा, चार महिने ओल, आणि रस्त्यावरचा धूर. त्यात आपण नाणी ज्यांत ठेवतो त्या वस्तू भर घालतात. रबरबँडमध्ये गंधक असते. त्याने बांधलेल्या पुडीतल्या नाण्यावर काळी पट्टी उमटते. वर्तमानपत्राचा कागद, लोकरी कापड, प्लायवूडचा नवा खण, हेही टाळावेत. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नकोतच.

सर्वांत मोठा शत्रू मात्र स्वस्तातला मऊ प्लॅस्टिकचा अल्बम. त्याच्या पानांना नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी आहे. त्यातून हळूहळू आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. असा थर दिसला तर घासू नये. औषधाच्या किंवा रसायनाच्या दुकानात मिळणारे शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणे त्यात काही मिनिटे बुडवावे, दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढावे आणि हवेवर वाळू द्यावे. खिडकी उघडी ठेवावी, गॅस बंद असावा. नखांचे पॉलिश काढायचे रंगीत, सुवासिक द्रावण चालत नाही. ॲसिटोन चांदीला काही करत नाही आणि टोनिंगलाही हात लावत नाही, म्हणून नाण्याला लावता येईल असा हा जवळजवळ एकमेव द्राव आहे.

चांगल्या नाण्यांना व्यासानुसार ३४, ३९ किंवा ४४ मिलिमीटरच्या कडक पारदर्शक कॅप्सूल घ्याव्यात; साध्या नाण्यांना मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर पुरतात, फक्त स्टेपलरची पिन चपटी करून घ्यावी, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेला. कॅप्सूल झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात. पुड्या जूनच्या आधी बदलाव्यात. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या पावसाच्या भिंतीला टेकलेले कपाट नको. आणि भर पावसाळ्यात पाहुण्यांना दाखवण्यासाठी डबा उघडू नये. आतली कोरडी हवा जाते आणि ओली हवा झाकण लावून कोंडली जाते.

खरेदी आणि नोंद

विकत घेण्यापूर्वी पाहावे भरपूर. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे, २००४ मध्ये सुरू झालेले. वेळ विचारून एक दुपार तिथे घालवावी. नाशिककडे जाणे झाले तर अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था पाहावी. नवी स्मारक नाणी टांकसाळ स्वतः विकते, तिथे अस्सलपणाची चिंता नसते. फक्त दर्शनी मूल्यापेक्षा विक्रीची किंमत पुष्कळ जास्त असते, आणि ती दुसऱ्या दिवशी बाजारात परत मिळेलच असे धरू नये.

जुने नाणे घेताना ते होल्डरमधून बाहेर काढून पाहू द्यावे असे सांगावे. नकार आला तर नमस्कार करून उठावे. परदेशी प्रतवारी संस्थांच्या सीलबंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, असलेले नाणे अस्सलपणाची हमी देते, पण साध्या १९६९ च्या नाण्याला स्लॅब करण्याचा खर्च नाण्यापेक्षा अधिक होतो. लाखांनी पाडलेल्या नाण्यावर तो करू नये. स्लॅबच्या चिठ्ठीवर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शब्द असेल तर नाणे घासलेले किंवा बिघडलेले आहे असे समजावे. विक्रेते तो शब्द मोठ्याने वाचत नाहीत.

कायद्याचे दोन मुद्दे लक्षात ठेवावेत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकारी नाणे वितळवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे स्मारक नाणे मोडीत देण्याचा विचारच करू नये. आणि शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे पुरावशेषात मोडते. ते परदेशातल्या भाच्याला सहज म्हणून पाठवता येत नाही.

घरी आल्यावर वहीत नोंद करावी: नाणे, टांकसाळीची खूण, स्वतः तोललेले वजन, स्वतः ठरवलेली प्रत, विक्रेत्याने सांगितलेली प्रत, किंमत, तारीख, पावती. मी दोन्ही प्रती मुद्दाम शेजारच्या रकान्यांत लिहितो. पहिल्या तीन वर्षांच्या पानांवर दोन्ही रकाने जवळजवळ सारखे आहेत, कारण विक्रेता म्हणेल ते मला पटत होते. नंतरच्या पानांवर माझा रकाना एक-दोन पायऱ्या खाली उतरलेला आहे.

आजोबांचे ते घासलेले नाणे मी विकले नाही. त्याला मुद्दाम चांगल्या कॅप्सूलमध्ये ठेवले आहे, आणि कोणतेही नवे नाणे घरात आले की दिव्याखाली आधी ते फिरवतो आणि मग नवे. घासलेल्याचा प्रकाश डोळ्यांत ताजा असला की दुसऱ्याची चोरी लपत नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात आजही तेच जाते, आणि आई दंतमंजन मागते तेव्हा मी ते निमूटपणे पुढे करतो.